पट्टे आलेल्या गालावर पुन्हा मशीन फिरवू देऊ नका

तुम्ही लिहिलंय की मायक्रोडर्मॅब्रेजनचं (मशीनने त्वचेचा वरचा थर खरवडण्याचं) पहिलं सिटिंग होऊन पाच दिवस झाले, दोन्ही गालांवर कानाकडून नाकाकडे लालसर-तपकिरी पट्टे आहेत, साधं मॉइश्चरायझरही झोंबतंय आणि सेंटरवाले म्हणतात, "पुढच्या सिटिंगला सगळं निघून जाईल, शनिवारी या." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले. शनिवारी जाऊ नका. पॅकेजचे पैसे भरून झाले असले तरी जाऊ नका.

मी डॉक्टर नाही. माझ्या त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलेलं आणि स्वतःच्या चेहऱ्यावर भोगलेलं एवढंच सांगतेय. माझा वर्ण सावळा आहे, हेही लक्षात घेऊन वाचा. हे मशीन तुम्हाला माहीत आहेच: खरखरीत टोक (टिप) त्वचा घासतं आणि व्हॅक्यूमची ओढ निघालेले कण शोषून घेते.

मलाही अगदी हेच सांगण्यात आलं होतं. सेंटरचं नाव लिहीत नाही. पहिल्या वेळचे पट्टे दाखवले तेव्हा तिथल्या बाईंनी चेहरा दिव्याखाली धरला आणि "मृत त्वचा नीट निघाली नाही, म्हणून काळं दिसतंय" असं ठामपणे सांगून व्हॅक्यूम वाढवला आणि त्याच जागी आणखी हात फिरवले. घरी येईपर्यंत गाल तापल्यासारखे झाले होते. लाली ओसरली, पण काही आठवड्यांनी त्याच रेघांवर गडद तपकिरी डाग उमटले आणि ते जायला वर्षाचा मोठा भाग गेला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की पहिले पट्टे नुसते सोडून दिले असते तरी बहुधा आपोआप गेले असते. डाग पडले ते दुसऱ्या वेळी.

राग याचा येतो की सही घेतलेल्या फॉर्मवर गरोदरपणा आणि मधुमेह विचारला होता, पण चेहऱ्याला सध्या काय लावता हा प्रश्नच नव्हता. व्हॅक्यूम किती ठेवला होता, टिप कोणती होती, याची कुठेही नोंद नव्हती. डॉक्टरांनी ते विचारलं म्हणून मी फोन केला, तर "आम्ही सगळ्यांना तेच सेटिंग ठेवतो" असं उत्तर मिळालं. सगळ्यांना तेच! नाजूक, पातळ कातडीलाही तेच आणि जाड, तेलकट कातडीलाही तेच.

"पुढच्या वेळी निघेल" हे चूक का, ते नीट समजून घ्या. हे मशीन त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर खरवडतं. चेहऱ्यावर तो थर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढा असतो. त्वचा चिडल्यावर जो रंग तयार होतो तो त्याच्या खाली, जिवंत थरात तयार होतो, कधीकधी त्याहूनही खोल उतरतो. तिथे मशीन पोचतच नाही. पोचते ती फक्त इजा, आणि इजा झाली की रंग तयार करणाऱ्या पेशी आणखी जोरात कामाला लागतात. सावळ्या-गव्हाळ त्वचेत हे जास्त होतं. म्हणजे डाग काढायच्या नावाखाली डागालाच खतपाणी.

आता एक करा. काचेचा स्वच्छ, पारदर्शक ग्लास पट्ट्यावर हलका दाबून आतून बघा. लाली दाबल्यावर फिकी पडली तर ती नुसती चिडलेली त्वचा. बारीक लाल-जांभळे ठिपके दाबूनही तसेच दिसले तर ओढीने केशवाहिन्यांतून रक्त पाझरलंय. असे ठिपके साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत विरतात. खरखरीत खपली असेल तर ती खरचटलेली जखम आहे, खपली अजिबात उचकटू नका. आणि तपकिरी रंग ग्लास दाबूनही तसाच राहिला तर तो रंगाचा डाग. त्याला महिने लागतात, घाई करून उपयोग नाही. सावळ्या चेहऱ्यावर लाली नुसत्या डोळ्यांना तपकिरीच दिसते, म्हणून ही परीक्षा आरशापेक्षा बरी.

लावायचं काय? जितकं कमी तितकं चांगलं. कोमट पाणी, फेस न येणारं बिनवासाचं क्लेन्झर आणि झोंबणाऱ्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. तुमचं मॉइश्चरायझर झोंबतंय ना, मग ते सध्या बंद. बहुधा त्यात सुगंध किंवा एखादं आम्ल असेल, मागची यादी वाचा. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, स्क्रब, लिंबू, बेकिंग सोडा, सगळं बंद. कोणीतरी "गोरेपणाची" ट्यूब सुचवेल, तिला हातही लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चार दिवस छान वाटतं, मग त्वचा पातळ होते.

आणि ऊन. यावर मी हट्टी आहे. एसपीएफ ३० किंवा जास्त, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सावळ्या त्वचेचे डाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या. मात्र खपली किंवा ओली जागा असेल तर तिथे आधी टोपी, सावली, क्रीम नंतर. अझेलाइक आम्ल वगैरे डाग फिके करणाऱ्या औषधांचा विचार त्वचा पूर्ण शांत झाल्यावर, तोही डॉक्टरांना विचारून.

फोड, पिवळा स्राव, वाढत जाणारी सूज, ओठांभोवती पाण्याच्या फोडांचे घोस किंवा डोळ्यात खुपणं, यातलं काहीही असेल तर इथल्या उत्तरांची वाट न बघता डॉक्टर गाठा. ज्यांना ओठांवर नागीणीसारखे फोड वरचेवर येतात त्यांनी तर सिटिंगच्या आधीच हे सांगायचं असतं, ते टाळायची गोळी देता येते.

पट्टे मुळात का येतात? बहुतेक वेळा हातामुळे. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरली नाही, हँडपीस (मशीनचा हातात धरायचा भाग) एका जागी रेंगाळला, किंवा ओढ चालू असतानाच उचलला, की ओळीने खुणा उमटतात. म्हणून परत कधी करायचंच ठरवलंत तर मशीनच्या जाहिरातीपेक्षा करणाऱ्याचे हात बघा. जबड्याखाली छोट्या जागी आधी करून बघायला सांगा, काही दिवस थांबा. डोळ्यांखाली आणि मानेवर ओढ कमी हवी. टिप निर्जंतुक आहे का किंवा नवी आहे का, हे तोंडावर विचारा. राग आला तर उठून या.

तुम्ही रात्री अ‍ॅडापालीन (मुरुमांवरचं, त्वचा नाजूक करणारं मलम) लावता असं खाली एका प्रतिसादात लिहिलंय. माझ्या मते तुमच्या बाबतीत खरी गोम तिथेच असेल. ते, त्याच जातीचं ट्रेटिनॉइन आणि सगळी आम्लं सिटिंगच्या आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीचही त्याच आठवड्यात नको. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनंतर सहा महिने थांबा असं पूर्वी सरसकट सांगत. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात वरवरच्या मायक्रोडर्मॅब्रेजनसाठी एवढं थांबायला पुरेसा पुरावा नाही असं म्हटलंय. तरी गोळी चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. रक्त पातळ करणारं औषध असेल तर तेही सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

सेंटरला फोनऐवजी लेखी कळवा: पट्ट्यांचे तारखेसह फोटो, सिटिंग पुढे ढकलण्याची मागणी, आणि व्हॅक्यूमचं सेटिंग व टिपचा प्रकार लेखी द्या ही विनंती. फोटो रोज एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, फ्लॅश न लावता काढा, नाहीतर डाग कमी होतोय की प्रकाश बदललाय हेच कळत नाही. ग्लास दाबून काय दिसलं ते इथे लिहा, म्हणजे बाकीच्यांनाही नेमकं सांगता येईल.