बॅटरीचं माप जुलैवर ठरव

सोलर मायक्रोग्रिडवर, म्हणजे गावापुरत्या छोट्या सौर वीजजाळ्यावर, पीएचडी करायची ना? मग सिम्युलेशन उघडण्याआधी श्रीवर्धनला एक पावसाळा काढ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, विजेचे खांब आडवे झाले, गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. आधी काय सुरू व्हायला हवं होतं, पाण्याचा पंप की मोबाइल टॉवर, हे तिथल्या माणसांना विचार.

पॅनेलवर बोट फिरव, खारट चिकट थर लागेल. तांब्याच्या टर्मिनलवर हिरवट गंज दिसेल. डेटाशीटमधली क्षमता २५ अंश सेल-तापमानाची असते. मे महिन्यात पॅनेल साठीला टेकतं आणि दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते.

मी पहिल्या वर्षी पुण्याच्या उन्हाचे आकडे घेतले, सगळं गणित फसलं. कोकणात जुलैत ढगांमुळे ऊन फार कमी मिळतं, म्हणून बॅटरी किती मोठी हवी ते त्या महिन्यावरून ठरव. वायरमनला मात्र आवर्जून भेट, कुठल्या फिडरवर (गावाला वीज आणणाऱ्या लाइनवर) फॉल्ट येतो ते त्याला तोंडपाठ असतं.