रेल्समध्ये ‘रस्ता’ मॉडेलचा फॉर्म का उघडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेल्समध्ये, म्हणजे रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये, फोंडा तालुक्यातले खड्डे नोंदवायचं ॲप, तालुक्यांची पानं सुरळीत, पण स्कॅफोल्डने (मॉडेल, पानं, फॉर्म एकदम बनवणाऱ्या जनरेटरने) ‘रस्ता’ऐवजी ‘रस्टम’ नावाचं मॉडेल, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यासाठीचा क्लास, बनवलं. तुम्ही फाइल आणि क्लास दोन्ही ‘रस्ता’ केलं आणि आता फॉर्म उघडताच ‘अनडिफाइन्ड मेथड रस्ता_इंडेक्स_पाथ’. त्यावर तुम्ही राउट्सच्या, म्हणजे कोणता पत्ता कुठल्या पानाकडे न्यायचा ते ठरवणाऱ्या, फाइलमध्ये ओळी वाढवत बसलात. शिवाय ‘खड्डे’ पानही उघडत नाही. फॉर्मच्या चुकीसाठी राउट्सला हात लावू नका, तिचं मूळ तिथे नाही.

रोमन लिपीत ‘रस्ता’चा शेवट ‘टी-ए’ने होतो. ‘डेटा’चं एकवचन ‘डेटम’ व्हावं म्हणून रेल्समध्ये एक नियम आहे: शेवटी ‘टी-ए’ किंवा ‘आय-ए’ दिसलं की शब्द अनेकवचनी धरायचा आणि एकवचनाला ‘अम’ लावायचा. त्यात रस्ता अडकला. ‘तालुका’ ‘के-ए’ने संपतो, म्हणून सुटला. कन्सोलमध्ये ‘रस्ता’ अवतरणात लिहून पुढे डॉट सिंग्युलराइझ द्या, समोर ‘रस्टम’ येईल. जनरेटरने तसा इशाराही छापला होता. तो कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

क्लास ‘रस्ता’ झाल्यावर रेल्सच्या लेखी त्याचं एकवचन आणि अनेकवचन एकच. असं असलं की फॉर्म यादीच्या पाथला ‘इंडेक्स’ची शेपटी जोडतो. राउट्स मात्र ‘रस्टम’ला एकवचन मानून बसलेत, त्यांनी ती शेपटी बनवलेलीच नाही. ‘रेल्स राउट्स’ला ‘-जी’ देऊन ‘रस्ट’ शोधा, डावीकडच्या रकान्यात नेमकी कोणती नावं तयार झालीत ते दिसेल. राउटिंगची कुठलीही तक्रार आली की मी आधी हा रकाना बघतो, कोड नंतर.

आता दुरुस्ती. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मायग्रेशन (डेटाबेसमध्ये तक्ता बनवणारी फाइल) रोलबॅक करा, मग स्कॅफोल्ड डिस्ट्रॉय करा. नियम आधी बदललात तर डिस्ट्रॉय भलत्याच नावाच्या फाइली शोधत बसेल. तुम्ही नाव बदललेली मॉडेलची फाइल हातानेच पुसावी लागेल. त्यानंतर इनिशियलायझर्समधल्या (ॲप सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलींमधल्या) इन्फ्लेक्शन्सच्या, म्हणजे एकवचन-अनेकवचनाच्या नियमांच्या, फाइलमध्ये ‘इररेग्युलर’ लिहून रस्ता–रस्ताज ही जोडी द्या आणि मग जनरेटर पुन्हा चालवा. चालू सर्व्हर रीस्टार्ट करायला विसरू नका, इनिशियलायझर तेव्हाच वाचला जातो.

खरं सांगायचं तर मी मॉडेलला सरळ ‘रोड’ म्हटलं असतं आणि पडद्यावरचा ‘रस्ता’ मराठीच्या लोकॅल (भाषांतराच्या) फाइलमधून आणला असता. उद्या ‘खाता’ नावाचं मॉडेल केलंत की हाच घोळ पुन्हा.

‘खड्डे’ पानावर ‘रेकॉर्ड नॉट फाउंड’ येतं, त्याचं कारण वेगळं. राउट्स वरून खाली जुळवले जातात. त्या पानाची तुमची ओळ, मॉडेलचे नेहमीचे सगळे पत्ते बनवणाऱ्या ‘रिसोर्सेस’च्या खाली आहे, त्यामुळे एकच नोंद दाखवणाऱ्या ‘शो’ने आधीच ‘खड्डे’ला आयडी समजून उचललं. ती ओळ रिसोर्सेसच्या आत कलेक्शनमध्ये घाला.

आणि मॅकवर चालणारं ॲप लिनक्स सर्व्हरवर ‘अनइनिशियलाइझ्ड कॉन्स्टंट’ म्हणालं, तर फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर तपासा. मॅक सहसा त्याकडे काणाडोळा करतो, लिनक्स करत नाही. अपलोड करण्याआधी ‘झाइटवर्क चेक’ची कमांडही चालवा; झाइटवर्क हा फाइलच्या नावावरून क्लास शोधणारा रेल्सचा भाग, आणि फाइलचं नाव आतल्या क्लासशी जुळत नसेल तर ही कमांड ते सांगते.