केटेल मार्टेसाठी आपल्या पाचांपैकी एक पिचर द्यावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विषय आपल्या बेसबॉल संघाचा, सिएटल मरिनर्सचा, आणि सगळं डिसेंबर २०२५च्या अखेरीस जसं होतं तसं लिहितोय. आपला बॅटर होर्हे पोलांको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. दुसरा बॅटर युहेनियो सुआरेझ फ्री एजंट (करार संपलेला, कुठल्याही संघाकडे जायला मोकळा) होता आणि तो परत येईल अशी चिन्हं नव्हती. म्हणजे ऑक्टोबरातल्या, प्लेऑफमधल्या (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या) बॅटिंगचे दोन खांब गेले. तिकडे ॲरिझोनाला पिचर (चेंडू टाकणारे) हवे होते आणि त्यांच्या केटेल मार्टेच्या ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) चर्चा महिनाभर चालू होती. मग मरिनर्सनी आपल्या पाच स्टार्टरांतले (सामना सुरू करणारे मुख्य पिचर) जॉर्ज कर्बी, लोगन गिल्बर्ट किंवा ब्रायन वू यांच्यापैकी एक देऊन मार्टे का आणू नये? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मुलाला वूची जर्सी हवी आहे, घ्यावी की जरा थांबावं.

माझं उत्तर: देऊ नये. मार्टे मला आवडत नाही असं अजिबात नाही. दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा, २०२५ मध्ये १२६ सामन्यांत २८ होमरन आणि .२८३ची सरासरी असलेला सेकंड बेसमन कोणाला नको असेल? आपल्या लाइनअपमध्ये (बॅटिंगच्या क्रमात) कॅल रॅली आणि हुलिओ रॉड्रिगेझ या आपल्या बड्या बॅटरांच्या मध्ये त्याला कल्पून मीही खूश होतो. माझी हरकत किमतीला आहे.

आधी २०२५च्या प्लेऑफमधल्या टोरंटोविरुद्धच्या मालिकेतल्या त्या सातव्या सामन्याबद्दल, कारण सगळी चर्चा तिथून सुरू होते; ती मालिका जिंकणारा वर्ल्ड सिरीजला जाणार होता. २० ऑक्टोबरची ती संध्याकाळ आपल्याकडे लक्ष्मीपूजनाची होती. आमच्या घरी पूजा आटोपून, पणत्या लावून, फराळाची ताटं घेऊनच सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. सातव्या इनिंगपर्यंत आपण ३-१ने पुढे. ४९ वर्षांच्या इतिहासात वर्ल्ड सिरीज न खेळलेला मेजर लीगमधला एकमेव संघ, आणि तिथे पोचायला आठ-नऊ आउट बाकी. मग टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरचा तीन रनांचा होमरन, आणि ४-३ने हरलो. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: ‘तीनच रन केले, बॅटिंग कमी पडली.’

मला हे पटत नाही. मालिकेचे आकडे पुन्हा बघा. टोरंटोत पहिले दोन सामने जिंकून आपण घरी आलो आणि तिसरा सामना १३-४ने, चौथा ८-२ने हरलो. सहावा ६-२ने गेला. या तीन पराभवांत मिळून २७ रन दिले. कर्बीला तिसऱ्या सामन्यात धुतलं, चौथ्यात लुईस कास्तियोला लवकर काढावं लागलं, सहाव्यात गिल्बर्टला सूर सापडला नाही. आणि सातव्या सामन्यात काय झालं? वर्षभराचा आपला सर्वांत भरवशाचा स्टार्टर वू, सप्टेंबरात छातीचा स्नायू दुखावल्यामुळे पाचव्या सामन्यात जेमतेम परतला होता आणि बुलपेनमधून (स्टार्टरनंतर येणाऱ्या राखीव पिचरांतून) येत होता. त्याने सातव्या इनिंगमध्ये दोन जण बेसवर सोडले, मग त्याच्या जागी एद्वार्द बाझार्डो आला, आणि पुढचं आपण सगळ्यांनी बघितलं. शेवटच्या इनिंगचा आपला हुकमी पिचर आंद्रेस मुन्योझ, त्याला तेव्हाच का आणलं नाही, यावर मीही रात्रभर वाद घातला आहे. पण मूळ दुखणं हे की ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे ताज्या दमाचे पिचर उरले नव्हते. बॅटिंगने हरवलं म्हणून पिचर विका, हा निष्कर्ष त्या मालिकेतून निघत नाही.

आता २०२५चा पूर्ण मोसम घ्या. मार्चमध्ये आपण म्हणत होतो की आपल्याकडे बेसबॉलमधले सर्वांत तगडे पाच स्टार्टर आहेत. प्रत्यक्षात कर्बी खांद्याच्या दुखण्यामुळे मेच्या उत्तरार्धापर्यंत आला नाही. गिल्बर्ट एप्रिलच्या शेवटी हाताच्या स्नायूमुळे बाहेर गेला तो जूनमध्ये परतला. ब्राइस मिलर कोपरामुळे दोनदा थांबला आणि त्याच्या वाट्याला १८ स्टार्ट आले. वू ३० स्टार्ट करून नेमका प्लेऑफच्या तोंडावर जायबंदी. उरला कास्तियो. त्याने ३२ स्टार्ट केले, एकही पाळी चुकवली नाही. ज्याचं वय जास्त, पगार जास्त, आणि ज्याला द्यायला प्रत्येक चाहता तयार असतो, तोच एकटा वर्षभर उभा होता! १६२ पैकी तीसहून अधिक सामने या पाचांबाहेरच्या कोणीतरी सुरू केले. एमर्सन हॅनकॉक आणि लोगन इव्हान्स यांनी ते ओझं वाहिलं म्हणून ९० विजयांवर डिव्हिजन मिळाली. म्हणजे ‘पाच आहेत, एक देऊ’ असं आपण म्हणतो तेव्हा मुळात पाच असतातच असं नाही. कागदावर पाच, हातात तीन-साडेतीन.

यावर तुमच्या मनात जो प्रतिप्रश्न येईल तो माझ्याही मनात आला होता: पिचर असे मोडतातच, तर मोडायच्या आधी विकून टाकलेले बरे ना? हा या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि पुनर्बांधणी करणाऱ्या संघासाठी तो बरोबरही आहे. पण आपण पुनर्बांधणीत नाही. रॅलीने नुकतेच ६० होमरन मारलेत, हुलिओ ऐन उमेदीत आहे. अशा संघाला पुढच्या दोन-तीन वर्षांतला ऑक्टोबर जिंकायचा असतो, आणि कोणत्या पिचरचा हात कधी जाईल हे आधी कळत नाही, म्हणून जास्तीचे पिचर लागतात. क्रिकेटमध्ये लांबच्या दौऱ्यावर तीन फास्ट बोलर खेळवायचे असले तरी पाच-सहा नेतात, तसंच हे.

दुसरं कारण आपल्या मैदानाचं आहे, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या टी-मोबाइल पार्कमध्ये बॅटिंग करणं अवघड आहे. थंड, जड हवा, उडालेला चेंडू मरतो, पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू नीट दिसत नाही अशी तक्रार अनेकांची. आपला तेव्हाचा बॅटर तेओस्कार हर्नान्देझ २०२३ मध्ये इथे घरच्या सामन्यांत किती झगडला आठवतंय ना? पुढच्या वर्षी डॉजर्सकडे गेला, ३३ होमरन मारले आणि वर्ल्ड सिरीज जिंकला. पोलांको स्वतः २०२४ मध्ये .२१३वर अडकला होता. गुडघ्याचं ऑपरेशन करून, कमी पैशांत परत येऊन २६ होमरन मारले तेव्हा कुठे लोकांनी त्याला आपलं म्हटलं.

हे सगळे संघ जाणतात. आपल्या पिचरचे आकडे बघताना ते मनातल्या मनात थोडं वजा करतात, की यात मैदानाचा वाटा आहे. आणि आपण बॅटर आणतो तेव्हा त्याच्या आकड्यांतून आपल्याला वजा करावं लागतं. म्हणजे असा सौदा दोन्ही बाजूंनी आपल्याला तोट्याचा. पिचर विकताना कमी मिळतं, बॅटर घेताना जास्त पडतं. कर्बी किंवा वू जितका आपल्या कामाचा आहे तितका दुसऱ्या कोणाच्याही नाही. म्हणूनच फर्स्ट बेसमन जॉश नेलरला नोव्हेंबर २०२५ मध्येच ५ वर्षं, ९ कोटी २५ लाख डॉलरवर बांधून ठेवलं याचा मला एवढा आनंद झाला. फर्स्ट बेसचा प्रश्न इथे वर्षानुवर्षं लोंबकळत होता. जो बॅटर या मैदानात खेळून, या हवेत हात गरम करून पुन्हा इथेच राहायला तयार होतो त्याला दोन डॉलर जास्त द्यावेत. (आणि एवढा संथ धावणारा माणूस आपल्याकडे आल्यावर ५४ सामन्यांत १९ बेस चोरतो, हे अजूनही माझ्या डोळ्यांना खरं वाटत नाही.)

मी २००१च्या उन्हाळ्यात इथे आलो. पहिल्याच वर्षी ११६ सामने जिंकणारा संघ बघायला मिळाला, इचिरोचं पहिलं वर्ष. वाटलं, इथे हे दरवर्षीच होत असणार. त्यानंतरचा प्लेऑफ बघायला २०२२ उजाडलं. या काळात ‘फक्त एकच खेळाडू कमी आहे’ या वाक्याने आपलं किती नुकसान केलं ते जवळून पाहिलंय. २००७ मध्ये ८८ विजय मिळाले आणि सगळे म्हणू लागले की एक अव्वल पिचर आणा, झालं. मीही म्हणत होतो. फेब्रुवारी २००८ मध्ये एरिक बेडार्डसाठी बाल्टिमोरला पाच जण दिले: ॲडम जोन्स, क्रिस टिलमन, जॉर्ज शेरिल आणि आणखी दोन तरुण पिचर. बेडार्डने आपल्यासाठी सगळे मिळून ४६ स्टार्ट केले. खांद्याने साथ दिली नाही. त्याच वर्षी आपण १०१ सामने हरलो. जोन्स पाच वेळा ऑल-स्टार झाला, सेंटर फील्डमध्ये चार गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचा पुरस्कार) घेतले. त्या ट्रेडचं दुःख मला आजही होतं.

आणि मार्टेचीच गोष्ट बघा. तो आपलाच होता! नोव्हेंबर २०१६ मध्ये, २३ वर्षांचा असताना, पिचर तायवान वॉकरसोबत त्याला ॲरिझोनाला दिलं आणि ज्याँ सेगुरा, मिच हॅनिगर घेतले. हॅनिगरवर माझं प्रेम आहे, २०२१ मधले त्याचे ३९ होमरन विसरणार नाही. पण मार्टे तिकडे जाऊन ऑल-स्टार झाला, २०२३ मध्ये त्यांना वर्ल्ड सिरीजपर्यंत नेणाऱ्या मालिकेचा मानकरी ठरला. आता तो ३२ वर्षांचा आहे, करार २०३० पर्यंत आहे, पायाचे स्नायू अधूनमधून कुरकुरतात. ज्याला तेविसाव्या वर्षी एका पिचरसकट दिलं, त्याला बत्तिसाव्या वर्षी आणखी एक पिचर देऊन परत आणायचं? एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. एप्रिल २०२६च्या सुरुवातीला त्याची मेजर लीगमधली १० वर्षं पूर्ण होतात, त्यांतली ५ सलग एकाच संघाकडे. त्यानंतर त्याच्या संमतीशिवाय ॲरिझोना त्याला कुठेही पाठवू शकत नाही. म्हणजे घड्याळ त्यांच्या डोक्यावर आहे. त्यांच्या पिचरांपैकी कॉर्बिन बर्न्स कोपराच्या ऑपरेशनमुळे उपलब्ध नव्हता, झॅक गॅलन डिसेंबर २०२५ मध्ये फ्री एजंट होता. पिचरची निकड त्यांची आहे, आपली नाही. त्यांनी तरुण प्रॉस्पेक्टवर (अजून मेजर लीगमध्ये न आलेल्या होतकरू पोरांवर) समाधान मानलं तर मी लगेच हो म्हणेन.

मग करायचं काय? गरज नेमकी एकच मोठी आहे: सेकंड किंवा थर्ड बेसवर एक खरा बॅटर. कोल यंगला पहिल्या वर्षी .२११ जमलं, त्याला वेळ द्यावा लागेल. बेन विल्यमसनची फील्डिंग सुरेख आहे, पण ८५ सामन्यांत एक होमरन. प्रॉस्पेक्ट कोल्ट एमर्सन येईल, पण विशीतल्या पोरावर एप्रिलपासून सगळं टाकू नये. बुलपेनसाठी डावखुरा पिचर होसे फेरर आला. त्याच्यासाठी तरुण कॅचर हॅरी फोर्ड दिला म्हणून बरेच जण चिडलेत, मलाही चुटपुट लागली. पण आपला कॅचर रॅली २०३० पर्यंत असताना फोर्डने बाकावर बसून काय करायचं होतं? सातव्या सामन्यातली ती इनिंग आठवली की मला तो सौदा पटतो. डावखुऱ्या पिचरसमोर खेळवायला रॉब रेफस्नायडरही घेतलाय, ते ठीकच.

माझी पसंती सेंट लुइसच्या ब्रेंडन डोनोव्हनला. सेंट लुइस संघ मोडून नव्याने बांधतोय. सनी ग्रे आणि विल्सन कॉन्ट्रेरास दोघेही त्यांनी बॉस्टनला पाठवले. डोनोव्हन २०२७ पर्यंत करारात आहे, सेकंड, थर्ड, लेफ्ट फील्ड कुठेही उभा राहतो, २०२५ मध्ये .२८७ मारले आणि स्ट्राइकआउट फार कमी होतो. होमरन दहाच, हे खरं. मार्टेइतका मोठा बॅटर तो नाही हेही खरं. पण आपल्याकडे मारणारे आहेत. चेंडू खेळता ठेवून बेसवर जाणारा माणूस रॅलीच्या आधी नाही. आणि सेंट लुइसला आजचे स्टार्टर नकोत, उद्याचे पोरगे हवेत. तिथे आपली तिजोरी भरलेली आहे. हुरान्हेलो साइंत्ये द्यावा लागला तर माझा जीव तुटेल, कारण दोन्ही हातांनी पिचिंग करणारा मुलगा आयुष्यात पुन्हा बघायला मिळेलच असं नाही. तरी देईन. कोल्ट एमर्सन आणि तरुण पिचर केड अँडरसन मात्र नाही.

आणि समजा कोणी उद्या पाचांपैकी एक मागितलाच, तर माझ्या मते वू आणि कर्बी यांच्यासाठी आलेला फोन उचलूच नये. गिल्बर्टचा करार २०२७ ला संपतो, त्याच्याशी आधी मुदतवाढीचं बोलावं. कास्तियोचं नाव पैशांमुळे निघेल. तेव्हा त्याचे ते ३२ स्टार्ट कोण भरून काढणार, हे आधी विचारावं.

वूची २२ नंबरची जर्सी आत्ताच घेऊन टाका. मापाने एक साइज मोठी घ्या, वू २०२९ पर्यंत आपल्या करारात आहे आणि पोरं भराभर वाढतात.