प्रेग्नन्सी रजिस्ट्रीत नाव दिलं तर बाळावर औषधाचा प्रयोग होतो का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. कॉलेजपासून फिट्सचा त्रास, आधी व्हॅल्प्रोएट ही फिट्सची गोळी चालू होती, लग्न झाल्यावर डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत लेव्हेटिरासेटॅम या दुसऱ्या गोळीवर आणलं, आता नववा आठवडा चालूय आणि ओपीडीत ‘प्रेग्नन्सी रजिस्ट्री’चा, म्हणजे अशा गोळ्या घेणाऱ्या गरोदर बायकांच्या नोंदवहीचा, फॉर्म हातात दिलाय, आणि सासूबाई म्हणतायत सही करू नकोस, बाळावर प्रयोग करतील. मी एका हॉस्पिटलच्या न्यूरॉलॉजी विभागात सात वर्षं हेच फॉर्म भरायचं आणि बायकांना फोन करून विचारायचं काम केलंय, म्हणून लिहितेय. जरा लांबेल.

आधी सासूबाईंच्या भीतीचं बोलू, कारण ती भीती काही वेडेपणाची नाहीये. औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे सासूबाई म्हणतात तशा प्रयोगात, कोणाला कुठलं औषध द्यायचं ते आधी ठरवलेलं असतं, बरेचदा चिठ्ठ्या टाकल्यासारखं. रजिस्ट्रीत तसं नसतं. तुमची गोळी तुमचे डॉक्टर ठरवणार, सही केलीत तरी तीच गोळी आणि नाही केलीत तरी तीच. आम्ही फक्त लिहून घ्यायचो, गोळी कुठली, किती मिलीग्रॅम, दिवसातून किती वेळा, फॉलिक ॲसिड कधीपासून, या तीन महिन्यांत फिट आली का आणि कशी आली, सोनोग्राफीत काय दिसलं, बाळ झालं तेव्हा कसं होतं आणि वर्षाचं झाल्यावर कसं आहे. आमच्याकडे त्यासाठी वेगळं रक्तसुद्धा घेत नव्हते. आता गरोदर बाईवर मुद्दाम औषध टेस्ट करायला कोणी धजत नाही, पण फिट्सची गोळी तर नऊ महिने बंद करता येत नाही, मग ती गोळी बाळाला कितपत सोसते ते कळायचं कसं? ज्या बायका ती घेतातच आहेत त्यांची नीट नोंद ठेवूनच ना.

आणि तुमचं व्हॅल्प्रोएट बदललं ना, ते याच नोंदींमुळे. १९८२ साली फ्रान्समध्ये लियॉनला एलिझाबेथ रॉबर्ट नावाच्या बाई जन्मदोषांच्या रजिस्टरवर काम करत होत्या, त्यांच्या लक्षात आलं की मणक्याचा दोष घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांमध्ये व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या जरा जास्तच दिसतायत. तो नुसता इशारा होता, कारण अशा रजिस्टरमध्ये दोष असलेलीच बाळं येतात, हीच गोळी घेऊन ठणठणीत झालेली किती ते त्यात कळत नाही. म्हणजे शंभरात किती, हे सांगता येत नाही. मग १९९० नंतर खास गरोदर बायकांच्या रजिस्ट्री निघाल्या, १९९६ ला ब्रिटन-आयर्लंडमध्ये, १९९७ ला अमेरिकेत बॉस्टनला, १९९८ ला आपल्याकडे तिरुअनंतपुरमला श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये केरळची रजिस्ट्री, आणि १९९९ ला युरोपात युरॅप, जिच्यात नंतर चाळीसच्या वर देश आले.

युरॅपचे २०१८ साली छापून आलेले आकडे मला पाठ आहेत, इतक्या वेळा इतक्या जणींना सांगितलेत. एकच गोळी घेणाऱ्या ७,३५५ प्रेग्नन्सी, बाळ वर्षाचं होईपर्यंत पाहिलेल्या. मोठे जन्मदोष, म्हणजे हृदयाचे, मणक्याचे, दुभंगलेली टाळू वगैरे, व्हॅल्प्रोएटमध्ये शंभरात १०.३. कार्बामॅझेपिन ही फिट्सची दुसरी गोळी, तिच्यात ५.५. लॅमोट्रिजिन ही आणखी एक, तिच्यात २.९ आणि तुमच्या लेव्हेटिरासेटॅममध्ये २.८, म्हणजे ५९९ पैकी १७ बाळं. कुठलीच गोळी न घेणाऱ्या बाईलाही शंभरात दोन-तीनचा धोका असतोच, तेव्हा तुमचा आकडा जवळपास त्याच घरात आहे. हे सासूबाईंना असंच्या असं वाचून दाखवा.

यावर कोणी म्हणेल (आमच्याकडे एका बाईंच्या इंजिनिअर नवऱ्याने खरंच विचारलं होतं) की व्हॅल्प्रोएट ज्यांना देतात त्यांचा आजारच वेगळ्या प्रकारचा असेल, मग दोष गोळीचा कशावरून, आजाराचा का नाही? प्रश्न एकदम रास्त आहे, रजिस्ट्रीची खरी कमजोरी हीच की कोणाला कुठली गोळी मिळाली ते चिठ्ठी टाकून ठरलेलं नसतं. पण डोस बघा. दिवसाला ६५० मिलीग्रॅमपर्यंत व्हॅल्प्रोएट, तर शंभरात ६.३. त्यापुढे १४५० पर्यंत ११.३. आणि १४५० च्या वर २५.२, म्हणजे चारात एक. गोळी वाढली तसा धोका चढत गेला, तेव्हा बोट गोळीकडेच जातं. मी पहिल्यांदा हा तक्ता बघितला त्या दिवशी आमच्या फायलींमधल्या दोन-तीन जणी डोळ्यासमोर आल्या, घरी जाऊन जेवण गेलं नाही.

गोळी फिट्स किती आवरते हेही रजिस्ट्रीतूनच कळतं, आणि ते तितकंच महत्त्वाचं आहे कारण मोठी फिट बाळालाही घातक असते आणि आईलाही. लॅमोट्रिजिन बाळाला सौम्य, पण गरोदरपणात शरीर ते भराभर बाहेर टाकतं, रक्तातलं प्रमाण उतरतं. युरॅपच्या २०१३ च्या आकड्यांत व्हॅल्प्रोएटवाल्यांपैकी शंभरात ७५ जणींना नऊ महिन्यांत एकही फिट आली नाही, लॅमोट्रिजिनवाल्यांत ५८ जणींना. म्हणून डॉक्टर मध्येच डोस वाढवतात. लेव्हेटिरासेटॅमचंही प्रमाण उतरू शकतं, तेव्हा पाचव्या-सहाव्या महिन्यात तुमचा डोस वाढवला तर घाबरू नका, आणि काहीही वाचून, अगदी माझं हे वाचूनसुद्धा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आता फॉर्म आत्ताच का भरून घेतायत ते. बाळ कसं आहे ते कळल्यावर आलेलं नाव फारसं कामाचं नसतं. ज्यांच्या बाळात काही निघालं त्याच आवर्जून सांगायला येतात, ज्यांचं सुरळीत झालं त्या कशाला येतील, मग आकडा फुगतो. उलट विसाव्या आठवड्याची ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही दोष आहे का ते बघायची सोनोग्राफी, नॉर्मल आल्यावर नाव दिलं तर आकडा आपोआप चांगला दिसायला लागतो. म्हणून स्कॅनच्या आधी नाव हवं. तुमचा नववा आठवडा म्हणजे अगदी वेळेवर.

आपल्याकडची मोठी अडचण कुठल्या इंग्रजी पेपरात मी वाचलेली नाही, ती म्हणजे माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यापर्यंत बाई आमच्या ओपीडीत, मग ती जाते माहेरी, डिलिव्हरी तिथल्या एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये, सिम कार्ड बदललेलं, जुना नंबर नवऱ्याकडे आणि तो म्हणतो सगळं ठीक आहे हो, बाळ छान आहे. वजन किती, डॉक्टरांनी हृदय तपासलं का, त्याला काय माहीत. त्यात कोणाचं कार्ड माहेरच्या नावाने, डिस्चार्ज पेपर सासरच्या नावाने. अशी दहा-वीस नावं गळाली की उरलेल्यांचा आकडा कितपत खरा मानायचा? एक बाई होत्या, शेतकरी कुटुंबातल्या, त्यांनी कालनिर्णयवर फिट आली त्या तारखेला लाल गोल आणि गोळी चुकली त्या तारखेला निळी फुली करून ठेवली होती, बाळंतपणाला जाताना ते कॅलेंडर भिंतीवरून काढून सोबत नेलं आणि फोनवर मला पानं उलटत उलटत सांगितलं. लाल गोल चार होते, त्यातल्या तिघांच्या आदल्या दिवशी निळी फुली. त्यांचा फॉर्म माझ्या सात वर्षांतला सगळ्यात पूर्ण फॉर्म होता.

एक गोष्ट आमच्याकडून चुकलेली पण सांगते, म्हणजे तुम्ही सावध राहाल. एकदा मी फोन लावला, तिकडून बाईचा आवाज आला, मी पेशंटच समजून सरळ विचारलं की मागच्या वेळेनंतर फिट आली का. त्या सासूबाई होत्या. त्यांना सुनेच्या आजाराचं काहीच माहीत नव्हतं. त्या मुलीला पुढे काय काय ऐकावं लागलं ते तिने नंतर रडत सांगितलं, आणि रजिस्ट्रीतून नाव काढून घेतलं, तो तिचा हक्कच होता. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. त्यानंतर आम्ही फॉर्मवर हाताने एक ओळ लिहून घ्यायला लागलो, कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय म्हणायचं. तुमच्या घरी सगळ्यांना माहीत दिसतंय, तरी ही ओळ लिहून द्याच.

सही करायच्या आधी समोरच्याला एवढं विचारा, एथिक्स कमिटीची (असं काम पेशंटच्या हिताचं आहे का ते तपासणाऱ्या समितीची) परवानगी आहे का, माझं नाव बाहेर जाणार की नुसता कोड नंबर, मध्येच नाव काढून घेता येईल का आणि त्याचा उपचारावर काही परिणाम होणार नाही ना. सरळ उत्तरं मिळाली तर मी तुमच्या जागी असते तर सही केली असती. या सगळ्या खटपटीचं फळ काय म्हणाल तर युरॅपमध्येच २००० ते २००५ च्या काळात मोठ्या दोषांचं प्रमाण शंभरात ६ होतं, ते २०१० ते २०१३ पर्यंत ४.४ वर आलं, कारण डॉक्टरांनी व्हॅल्प्रोएट कमी केलं, आणि मोठ्या फिट्स काही त्यामुळे वाढल्या नाहीत.

एक मात्र अजून रजिस्ट्रीला अवघड जातं. बाळ शाळेत गेल्यावर त्याचं लक्ष, बोलणं, अभ्यास कसा आहे हे वर्षाच्या बाळात दिसत नाही. केरळवाले मुलं मोठी होईपर्यंत त्यांना बोलावून तपासतात, त्यांचं मला फार कौतुक वाटतं. तेव्हा तुमच्याकडे पुढे चार-पाच वर्षांनी फोन आला तर तोही उचला. आणि माहेरी जाताना गोळ्यांची स्ट्रिप, शेवटचं प्रिस्क्रिप्शन आणि स्कॅनचा रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या, तिथल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना कुठली गोळी किती ते पहिल्याच दिवशी दाखवा. कळा सुरू झाल्यावरही गोळीची वेळ चुकवायची नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा.