ऐकलेल्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग पाठांतराशिवाय कसं जमेल?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, रोज वीस स्पेलिंगं पाठ करता, तरी ऐकलेला शब्द लिहिताना चुकतो आणि नवा शब्द वाचताना उच्चार अडतो. स्पष्ट सांगतो, अक्षरांची ही घोकंपट्टी थांबवा.

इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे. त्यामुळे सुट्या अक्षरावरून उच्चार ठरत नाही, शेजारी कोण आहे ते पाहावं लागतं. सगळ्यात जास्त उपयोगाची खूण म्हणजे स्वरानंतर व्यंजन एक आहे की दोन. 'रायटिंग'मध्ये टी एक आणि 'रिटन'मध्ये दोन, ते याचमुळे. एकाच व्यंजनापलीकडे स्वर आला की आधीचा स्वर बहुधा स्वतःचं नाव उच्चारतो: 'केक'मधला ए, 'बाइक'मधला आय, 'होप'मधला ओ. शेवटचा ई मुका असतो, पण हे काम तोच करतो. आता 'हॉप'ला आयएनजी जोडताना पी एकच ठेवला, तर वाचणारा 'होपिंग' वाचेल. म्हणून पी दोनदा. आपल्या 'पक्का'मध्ये दोन क खरोखर ऐकू येतात, इंग्रजीतली ही जोडी मात्र फक्त डोळ्यांसाठी असते. 'डिनर'मध्ये दोन एन असले तरी 'डिन्नर' म्हणायचं नाही.

हाच नियम शब्दाच्या शेवटीही दिसतो. एकाच स्वरध्वनीच्या छोट्या शब्दात आखूड स्वरानंतर क् आला तर सीके (बॅक), च् आला तर टीसीएच (मॅच), ज् आला तर डीजीई (बॅज). स्वर लांब असेल तर 'बेक', 'टीच', 'पेज' यांत ही जादा अक्षरं नसतात. रिच, मच, सच आणि 'कोणता' या अर्थाचा विच हे रोजचे अपवाद, तेवढे पाठ करा. 'गिव्ह' आणि 'हॅव'मधला ई स्वर लांबवत नाही. इंग्रजी शब्द सहसा व्ही अक्षरावर संपवत नाहीत, म्हणून तो तिथे आहे.

सुरुवातीच्या क् साठी पुढे ई, आय, वाय असेल तर के, नाहीतर बहुतेक वेळा सी, कारण या तिघांपुढे सी 'स' होतो. 'पिकनिक' सीवर संपतो, पण 'पिकनिकिंग' लिहिताना मध्ये के घालावा लागतो, तो यासाठीच.

आघाताकडे, म्हणजे बोलताना शब्दाच्या कोणत्या भागावर जोर येतो त्याकडे, मराठी माणसाचं हमखास दुर्लक्ष होतं. 'बिगिन'चा आघात शेवटी आहे म्हणून 'बिगिनिंग'मध्ये एन दोन. 'ओपन'चा सुरुवातीला, म्हणून 'ओपनिंग'मध्ये एकच. आघात नसलेला स्वर 'अ'सारखा पुसट होतो आणि कोणतं अक्षर लिहायचं ते कानाला कळत नाही. तिथे त्याच घराण्यातला दुसरा शब्द घ्या. 'ग्रामर'च्या शेवटी ईआर की एआर? 'ग्रॅमॅटिकल' म्हणून पाहा, ए स्पष्ट ऐकू येतो.

सरावाला रोज १५ मिनिटं पुरतात. एकाच आकृतिबंधाचे, म्हणजे स्पेलिंगच्या एकाच नियमात बसणारे, आठ शब्द आणि त्यात न बसणारे दोन निवडा. मोबाइलवरच्या शब्दकोशातून उच्चार ऐका आणि प्रत्येक ध्वनीला एक बोट दुमडा. 'क्लॉक'ला चार बोटं: क्, ल्, ऑ, क्. व्यंजनं पाय मोडूनच म्हणा, नाहीतर 'कलॉक' होतो आणि नसलेला स्वर स्पेलिंगमध्ये शिरतो. मग न बघता लिहा आणि लिहिलेलं मोठ्याने वाचा. चूक झाली तर पूर्ण शब्द दहादा लिहू नका. कोणता ध्वनी चुकला तेवढ्याला गोल करा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ध्वनीचे तीन नवे शब्द घ्या. एका आकृतिबंधाला चार-पाच दिवस द्या. 'हॉपिंग' आणि 'होपिंग' शेजारी-शेजारी न अडखळता लिहिता आले की पुढचा घ्या.