ती यादी उघडू नकोस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बडोद्याला दांडिया बाजारात घरी आलीस, चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाहीस आणि फोनवरचा फोटो माझ्यापुढे धरलास. तुझ्या नव्या शाळेतल्या आधीच्या वर्गशिक्षिका बेननी जाताना दिलेली पाचवीची यादी. बेचाळीस नावं, त्यातल्या सहांना लाल गोल आणि पुढे शेरे: 'मठ्ठ', 'खोटं बोलते', 'ऐकत नाही', 'अक्षर घाण, वर रेघा मारतो'. तू विचारलंस, या सहा जणांना पहिल्या दिवशी कुठे बसवू? मी चिडले. चिडायला नको होतं, तू घाबरलेली होतीस. पण उत्तर आजही तेच आहे. ती यादी उघडू नकोस.

त्या बेन वाईट नसतील. नव्या माणसाला मदत म्हणूनच दिली असेल. मीही अशा याद्या दिल्यात, घेतल्यात. १९८८च्या जूनमध्ये नव्या शाळेत गेले तेव्हा मिळालेल्या यादीत एका मुलापुढे लिहिलं होतं, 'उद्धट, ऐकत नाही'. मी त्याला पहिल्याच दिवशी कडेला बसवलं, उजवा खांदा भिंतीला टेकेल असं. हाक मारली की तो मान वर करायचा नाही. माझी खात्री पटत गेली. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. फेब्रुवारीत खंडेराव मार्केटमध्ये त्याची आई भेटली, डोक्यावर भाजीची पाटी. म्हणाली, "बाई, त्याचा डावा कान लहानपणापासून वाहतो. त्या बाजूनं ऐकूच येत नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

चांगला कान मी भिंतीला लावला होता. 'ऐकत नाही' हे शब्द पाच महिने माझ्या टेबलावर होते. तोवर तो सायकलच्या दुकानात कामाला लागला होता, परत आला नाही.

म्हणून सांगते, उघडू नकोस. आजार विचार, औषध विचार, न्यायला कोण येतं ते विचार. हे त्या बेनना आजच फोन करून विचार. पण मूल 'कसं आहे' हे विचारू नकोस, ते तुझं तू बघ. रोज चार जणांना टेबलाशी बोलाव, गुजरातीचं अर्धं पान वाचायला लाव. मागे उभी राहून हळू नाव घे, कोण वळतं बघ. आणि त्या रेघा मारणाऱ्या मुलाची वही मला फोटोतही दिसली. तो शिरोरेघा देतोय गं! महाराष्ट्रातून नुकताच आलेला असणार. गुजरातीला वर रेघ नसते हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तू स्वतः मराठी घरातली, तुला हे दिसू नये? यादी आधी वाचलीस म्हणून दिसलं नाही.

१८७५ साली कवळाण्याहून शेतकऱ्याच्या घरातला बारा वर्षांचा गोपाळ या शहरात आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्यापुढे कुणी 'मठ्ठ' लिहून ठेवलं असतं तर? इंग्रज शिक्षक इलियटसाहेबांनी त्याला शिकवलं. तोच गोपाळ बडोद्याचा महाराजा सयाजीराव झाला. त्याच सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेलीपासून सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते राज्यभर नेलं. रोझेन्थाल आणि जेकबसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं होतं, ही यंदा चमकणार. नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली. तरी पहिली-दुसरीतली ती मुलं वर्षअखेरीला खरंच पुढे गेली. १९६८ साली हे छापून आलं. परिणाम किती मोठा, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. मला त्या वादात पडायचं नाही, माझ्यापुढे तो कान आहे.

नंतरच्या शाळेत मुख्याध्यापकांनी यादी दिली, ती मी घडीसकट कपाटात ठेवली. अनुभवी माणसांचा अपमान करते, हेकट आहे, असं सगळे म्हणाले. सुपरवायझर करायची वेळ आली तेव्हा माझं नाव मागे पडलं, ते यामुळेच. मी कुणाचा अपमान केला नव्हता. चौदा वर्षं त्या शाळेत होते, एकदाही ती घडी मोडली नाही आणि वर्ग माझ्या हाताबाहेर गेला नाही. तुलाही बोलतील. बोलू देत.

तुझी घालमेल मला कळते. नवी शाळा, बेचाळीस अनोळखी तोंडं, हातात काहीतरी असावंसं वाटतं. हजेरीपट घे हातात. कोरा.

सोमवारी शाळा सुटली की तशीच इकडे ये, जेवूनच जा. फोटो पुसून ये. आणि त्या मुलाची वही आण, मला त्या रेघा जवळून बघायच्या आहेत.

तुझी,
बाई