हँडब्रेक ढिला? आधी ड्रम उघड

लिव्हर 10 कट (ओढताना होणारे ‘कट-कट’ आवाज) वर येतोय म्हणून लगेच केबलचा नट आवळायला बसू नकोस बाबा. केबल ताणते हे खरं, पण मागं ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत बहुतेकदा दोष लायनरचा असतो, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्यांचा. लायनर झिजले, की ड्रमपासून लांब जातात. हे अंतर भरून काढणारा तिथला अॅडजस्टर आपल्याकडच्या फुफाट्यानं जाम झाला, की ते अंतर भरूनच निघत नाही.

मी पहिल्यांदा नुसता नट आवळला होता. लिव्हर 3 कटांत कडक! लई खूश. कन्नडचा औट्रम घाट चढेपर्यंत मागून करपल्याचा वास, ड्रमला हात लावायची सोय नाही. लिव्हर खाली असूनही ब्रेक घासतच होता.

म्हणून क्रम असा धर. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक पूर्ण खाली, मागची बाजू नुसत्या जॅकवर नको, स्टँडवरच टेकव. ड्रम काढून बघ. लायनर संपले असतील तर बदल, तेल लागलं असेल तर गळती आधी शोध. धूळ फुंकू नको, ओल्या फडक्यानं पूस. मग अॅडजस्टर बसव, ड्रम परत चढव आणि ब्रेक पेडल चार-सहा वेळा दाब. केबल शेवटी, तीही अर्धा-अर्धा आटा. बहुतेक गाड्यांत 5 ते 7 कट चालतात, पण खरा आकडा गाडीच्या पुस्तिकेतला. लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं हातानं मोकळी फिरलीच पाहिजेत.

आणि चढावर गाडी लावताना पहिला गिअर, उतारावर रिव्हर्स. हँडब्रेक नवाकोरा असला तरी.